तिजोरी, किल्ली आणि बट्टा

पैसा मिळवणे अवघड असते असे सगळेच म्हणतात. मला ते पटत नाही. मिळवणे नुसते कष्टाचे असते; अवघड असते ते खर्च करणे. त्यातून पैसा एकाच जातीचा असला तर निदान मोजता तरी येतो. तिजोरीत चार जातींचा पैसा असला, की भल्याभल्यांची कॉमर्सची डिग्री कामाला येत नाही. माझी तर नाहीच.

आपल्या घरचीच तिजोरी पाहा ना. बँकेत महिन्याच्या वीस तारखेपर्यंत तग धरणारी शिल्लक, पोस्टात एक सर्टिफिकेट, लॉकरमध्ये सौभाग्यवतींचे सोने, गावाकडून आलेली दोन पोती तूर, आणि डाळीच्या डब्यात खुपसलेल्या काही नोटा, ज्या आपल्याला ठाऊक नाहीत असे आपण सोयीने मानतो. आता मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे. कशातून भरणार? सर्टिफिकेट मोडावे तर व्याज मोडते. तूर विकावी तर नेमका भाव पडलेला. सोने मोडावे तर घरातली शांतता मोडते. उरला डाळीचा डबा. पण त्याचा उल्लेख केला की तो आपल्याला ठाऊक होता हे उघड होते! म्हणजे खजिना आहे, गरज आहे, खर्चही मंजूर आहे, आणि तरी पैसा हलत नाही.

हे पुराण सुरू करण्याचे कारण माझा भाचा. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि सणावारी अकोल्याला आला की मामाच्या अज्ञानावर उपचार करतो. या खेपेला म्हणाला, "मामा, तुमची बँक आता जुनी झाली. आमच्या साखळीला स्वतःचा खजिना आहे. त्याला मॅनेजरच नाही."

"मॅनेजर नाही?" मी म्हणालो. "मग फायली कोण अडवतं?"

"कोणीच नाही. सगळे मिळून मत देतात."

सगळे मिळून फायली अडवतात, असा मी त्याचा अर्थ घेतला. पण भाच्याने नेटाने समजावून सांगितले, आणि मला कळले ते असे. ब्लॉकचेन म्हणजे एक खातेवही. तिची नक्कल जगभरच्या अनेक संगणकांवर एकाच वेळी उतरते आणि मागचे पान गुपचूप खोडता येत नाही. पोल्काडॉट नावाची अशी एक साखळी २०२० मध्ये सुरू झाली. तिचा सार्वजनिक खजिना या वहीतच असतो. ज्याला खर्चासाठी पैसा हवा त्याने अर्ज करायचा, नाणी बाळगणाऱ्यांनी मते द्यायची, आणि मंजूर झाले की वहीच पैसे चुकते करते.

घोडे अडले ते निराळ्याच ठिकाणी. खजिना साखळीच्या स्वतःच्या नाण्यात, आणि काम करणाऱ्या माणसाचे घरभाडे डॉलरमध्ये! अर्ज केला त्या दिवशी नाणे शंभराचे असेल, तर पैसा हातात पडेस्तोवर ते साठाचे. मग लोक आधीच दीडपट मागू लागतात. म्हणून २०२४ पासून तिथे निराळी सोय झाली. डॉलरशी भाव बांधलेली दुसरी नाणीही खजिन्यात ठेवायची आणि अर्जातच लिहायचे, की पैसे कोणत्या नाण्यात हवेत, किती, कोणाला आणि कधीपासून. मंजूर रक्कम मुदतीत उचलली नाही तर मंजुरी बाद.

"जगात पहिल्यांदाच!" भाचा म्हणाला.

आता भाच्याच्या उत्साहावर पाणी टाकणे मामाला शोभत नाही. पण वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला, 'अनेक नाण्यांचा खजिना' ही जगातली पहिली गोष्ट आहे असे सांगणे म्हणजे पंढरपूरच्या बडव्याला विठोबाची ओळख करून देणे. या प्रांताचा दोनशे वर्षांचा इतिहास दुसरा काय आहे? तिजोरी वऱ्हाडाची, नाणी चार तऱ्हेची, किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे, आणि खर्च तिसऱ्याच गावी!

जुन्या मराठी कारभारात निदान कामे वाटलेली असत. पोतनीस रोकड सांभाळी, फडणीस वही लिही आणि मजुमदार हिशेब तपाशी. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे, त्यातला विचार हाच. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, तर एकटा असला की त्याला सुचू लागते म्हणून. ही आडनावे आजही आपल्यात आहेत. कामे तेवढी बदलली. माझ्या ओळखीचे एक पोतनीस आहेत. त्यांची रोकड त्यांच्या सौभाग्यवती सांभाळतात.

पण वऱ्हाडाचे नशीब असे, की अठराव्या शतकात इथे धनीच दोन होते. एक हैदराबादचा निजाम आणि दुसरे नागपूरकर भोसले. एकाच गावच्या वसुलात दोघांचे वाटे पडत, आणि त्या कारभाराला दोअमली म्हणत. दोन सह्यांचे खाते म्हणा ना! फरक इतकाच की आमच्याकडे दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि इथे दोघेही एकेका सहीवर काढत. पुढे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्यानंतर वर्धा नदीच्या अलीकडचा वऱ्हाड निजामाच्या वाट्याला गेला. जॉइंट अकाउंट सिंगल झाले. आता कारभार सुरळीत चालावा की नाही?

तो चालला नाही, याचे पहिले कारण बट्टा. तरुण वाचकांसाठी सांगतो: त्या काळी रुपया म्हणजे रुपया नव्हे. अंकुशी निराळा, चांदवडी निराळा, नागपुरी निराळा, हैदराबादचा सिक्का निराळा, आणि इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला कलदार निराळा. प्रत्येकाची चांदी वेगळी, म्हणून एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ मध्ये आपले कापून घेई. तोच बट्टा. अगदी विसाव्या शतकातही शंभर इंग्रजी रुपयांना हैदराबादी रुपये पडत ११६, वर १० आणे ८ पै. ही आठ पै लिहून ठेवणाऱ्या कारकुनाला माझा कारकुनी नमस्कार. हैदराबादचा रुपया चलनातून पुरता गेला तो १९५९ मध्ये. म्हणजे वऱ्हाडच्या शेजारी राहून 'स्थिर नाणे' म्हणजे काय हा प्रश्न आमच्या आज्याला पडत होता, आणि त्याचे उत्तर सराफाच्या पेटीत होते.

दुसरे कारण राजा चंदूलाल. १८०८ ते १८४३ एवढी वर्षे हैदराबादचा पैशाचा कारभार या गृहस्थाच्या हाती होता. खर्चाला तोंड नव्हते आणि रोकड नव्हती. मग चंदूलालने जे आपण सगळे करतो तेच केले, फक्त राज्याच्या मापाने. आज गरज आहे आणि पगार पुढच्या महिन्यात आहे. तर पुढचा महिना आजच विकून टाका. विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी जबर व्याजाने कर्जे देई आणि परगण्यांचा येणारा वसूल तारण म्हणून लिहून घेई. १८२० मध्ये तिचे साठ लाखांचे कर्ज गाजले. त्याच साली आलेल्या मेटकाफ या इंग्रज रेसिडेंटाने तिची लफडी बाहेर काढली. ते कर्ज निपटायला निजामाने काय विकावे? इंग्रजांकडून त्याला आंध्र किनाऱ्यावरच्या मुलखापोटी दरसाल सात लाख रुपये येत. ते १८२३ मध्ये कायमचे सोडून त्याने एकरकमी पैसा घेतला. आमच्याकडे याला पेन्शन विकणे म्हणतात. फरक असा की आमची पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत सुरू होते. निजामाची झाली नाही. आणि पुढच्याच वर्षी ती पेढी बुडाली!

मग आले विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू. यांच्याविषयी मात्र मला थोडा आदर आहे. वऱ्हाडचा कापूस १८२५-२६ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेणारी पहिली पेढी यांची. शेतकऱ्याला आगाऊ पैसे दिले, खामगावला कापूस दाबायची सोय केली. यांनी निजामाला कर्ज दिले, तेव्हा चंदूलालने बदल्यात वऱ्हाडचे परगणे वसुलीला लावून दिले. औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) टाकसाळ चालवून यांनी रुपयेही पाडले. पेस्तनशाही म्हणून ते ओळखले जात. म्हणजे पाहा, सरकारला कर्ज देणारा तोच, सारा वसूल करणारा तोच, त्या साऱ्याच्या पैशासाठी कापूस विकत घेणारा तोच, आणि ज्या नाण्यात हे सगळे चुकते व्हायचे ते पाडणाराही तोच! एका खिडकीवर सगळी कामे होण्याचे स्वप्न आमच्या बँकेचे साहेब अजून पाहताहेत. पेस्तनजींनी ते १८४० च्या आसपास साधले होते. चंदूलालची सद्दी संपल्यावर नव्या कारभाऱ्यांनी परगणे परत मागितले. 'आधी आमचे पैसे टाका,' असे पेढीने सांगितले. अखेर तिच्या माणसांना बळाने हुसकून लावावे लागले. कर्जवसुलीत धनकोलाच हुसकून लावण्याची ही पद्धत नंतर मागे पडली हे बँकांचे भाग्य.

आता तिसरे कारण, आणि सगळ्यात महागडे: फौज. निजामाच्या खर्चाने उभी असलेली, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीतली 'हैदराबाद कंटिंजंट'. गंमत अशी की १८०० सालच्या तहात शांततेच्या काळात अशी कायमची फौज पोसण्याची अटच नव्हती. पण फौज उभी राहिली, वाढली, आणि तिचे पगार थकले की इंग्रज सरकार आपल्या खजिन्यातून ते देऊन निजामाच्या नावावर व्याजासह मांडू लागले. नोकर आपण न ठेवलेला, त्याला हाक दुसऱ्याने मारायची, पगार आपण द्यायचा, आणि उशीर झाला तर शेजारी तो परस्पर देऊन आपल्या खाती लिहिणार! उधारी पन्नास लाखांच्या घरात गेली. तेव्हा २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या सरकारने तह करून निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कारभारासाठी घेतले. या मुलखाच्या उत्पन्नातून पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने पोसायचे, आणि उरेल ते निजामाला द्यायचे. मात्र या तहात एक चांगले कलम होते: इंग्रजांनी दरसाल खरा हिशेब निजामाला दाखवायचा.

हे कलम सात वर्षे टिकले. १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून १८६० मध्ये नवा तह झाला आणि त्याला बक्षीस मिळाले. धाराशिव आणि रायचूर परत, सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच, विश्वस्त म्हणून. आणि त्याच तहात बारीक अक्षरात काय? जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला! उरलेली रक्कम त्याला मिळेल. पण कारभारावर किती खर्च करायचा हे सर्वस्वी इंग्रज सरकार ठरवणार.

बँकेत बसून मी हे कलम अनेकदा मनाशी घोळवले आहे. समजा उद्या एखाद्या खातेदाराला आम्ही म्हणालो, 'काका, तुमचे पैसे आमच्याकडे सुरक्षित आहेत. त्यातून आमचा खर्च भागवून उरेल ते तुमचे. खर्च किती ते आम्ही ठरवू. आणि पासबुक मागायचे नाही.' काका आमचे काय करतील? निजामाने सही केली. त्याचा दिवाण पहिला सालारजंग हुशार माणूस. वऱ्हाड परत मिळावे म्हणून तो पुढे वर्षानुवर्षे झटला, १८७६ मध्ये विलायतेपर्यंत जाऊन आला. पण हक्क एकदा लिहून दिला की विनंती उरते, आणि विनंतीवर व्याज चढत नाही.

आणि हा सगळा काळ कोणता? अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि १८६१ नंतरची चार वर्षे वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. पाठोपाठ आगगाडी आली. अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारपेठा फुलल्या. तिजोरी भरत होती ती नेमकी वही बंद झाल्यावर. आमच्या शाखेत पीककर्जासाठी येणाऱ्या एका म्हाताऱ्या कास्तकाराला मी हे एकदा सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "म्हंजे आमी पेरलं, आमीच येचलं, अन् निजामालेच हिसाब पुसता येत नोयता, त मंग आमाले कोन पुसते?"

या वाक्यापुढे माझे इतिहासाचे ज्ञान लटके पडले. कारण हिशेब कोणी कोणाला दाखवायचा यावर कलकत्ता आणि हैदराबाद एवढी वर्षे भांडत होते. वऱ्हाडाला दाखवावा, असे त्या भांडणात कोणाच्याच मनात आले नाही.

पुढचा भाग घरमालकांनी वाचू नये. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि निजाम मेहबूब अली खान यांच्यात करार झाला. वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना, भाडे वर्षाला पंचवीस लाख रुपये. दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, आणि ज्या कंटिंजंटसाठी एवढे रामायण झाले ती फौजही वेगळी न राहता हिंदुस्थानी सैन्यात मिसळून गेली. कर्ज गेले, फौज गेली, भाडेकरू राहिला. आणि 'कायमचे' भाडे म्हणजे न वाढणारे भाडे, हे जुन्या वाड्यांच्या मालकांना मी सांगायला नको. सातवा निजाम मीर उस्मान अली खानाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने त्याला, सार्वभौम कोण आहे ते ध्यानात ठेवा, अशा अर्थाचे पत्र पाठवले. १९३६ च्या कराराने मात्र त्याला 'हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम' आणि युवराजाला 'वऱ्हाडचा राजपुत्र' अशी पदवी मिळाली. दारावर पाटी मालकाची, आत भाडेकरूचा संसार.

राहता राहिली किल्ली. तिची गोष्ट लंडनची आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाची फौज शरण आली. त्याच दिवसांत हैदराबादचे अर्थमंत्री मोइन नवाज जंग यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबादच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे वळते केले. २७ सप्टेंबरला निजामाने बँकेला कळवले: हे माझ्या संमतीने झालेले नाही, पैसे परत करा. बँक म्हणाली, आता पैसे ज्यांच्या नावावर आहेत त्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही हलवणार नाही.

सही जुळत नाही म्हणून आम्ही रोज चेक परत करतो आणि शिव्या खातो. इथे सही जुळली, म्हणूनच घोळ झाला! सही खरी, पण तिच्यामागचा अधिकार खरा होता का, हा प्रश्न. खटला चालला. १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, परराष्ट्राला आमच्या कोर्टात खेचता येत नाही, या तत्त्वावर तो अडवला. पैसे बँकेत पडून राहिले आणि व्याजाने फुगत गेले. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला: पैसे पाकिस्तानचे नव्हेत, भारत आणि निजामाच्या वारसांचे आहेत. तोवर त्या दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. एका सहीने वळवलेले पैसे सोडवायला एकाहत्तर वर्षे लागली. नऊ शिलिंगांचे काय झाले, ही माझी एक कारकुनी शंका आहे.

म्हणून भाच्याच्या खजिन्याकडे मी आता आदराने पाहतो. त्यातले अनेक सह्यांचे कुलूप मला नवे वाटत नाही. तो आमचा पोतनीस-फडणीसच. वेगवेगळ्या नाण्यांची सोयही नवी नाही, तो बट्टाच. नवी आहे ती वही. ती कोणालाही, केव्हाही, न विचारता उघडता येते. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत त्या पोल्काडॉटच्या खजिन्यातून सुमारे आठ कोटी सत्तर लाख डॉलर खर्च झाले आणि त्यातले तीन कोटी सत्तर लाखांच्या आसपास नुसत्या जाहिरात-प्रसिद्धीवर गेले. हे बाहेर येताच जगभरच्या नाणेधारकांनी कोण गिल्ला केला! भाचा ते ओशाळून सांगत होता. मी म्हटले, "अरे, हीच तर तुझ्या खजिन्याची सगळ्यात मोठी जमा आहे. उधळपट्टी कंटिंजंटचीही झाली. पण तिचा गिल्ला करायला लोकांपुढे वही कुठे होती?"

मात्र एक गोष्ट त्या वहीलाही जमत नाही, हे मी त्याला सांगून ठेवले. तिथे मत नाण्यांना असते. ज्याच्याकडे नाणी जास्त, त्याचे म्हणणे जड. चंदूलाल असता तर पेस्तनजींकडून उसनी आणून मतदान जिंकला असता. वही उघडी असणे ही एक गोष्ट झाली. आपले नाव त्या वहीत असणे ही दुसरी.

वऱ्हाडाला ही दुसरी गोष्ट सहजी मिळाली नाही. राजे गेले, रेसिडेंट गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तरी कोणत्या भागावर किती खर्च व्हायचा राहून गेला, ते मोजायला दांडेकर समिती नेमावी लागली, आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आल्यावर 'अनुशेष' हा अवघड शब्द इकडच्या पानटपरीवर सोपा झाला. लंडनच्या त्या निकालात भारत होता, पाकिस्तान होता, निजामाचे वारस होते. अडगावचा, खामगावचा कास्तकार कुठल्याच बाजूला नव्हता.

तेव्हा खजिना कोणताही असो, सोसायटीचा, देवळाचा, संस्थानचा की संगणकातला, खर्चाचा कागद पुढे आला की तीन प्रश्न विचारावेत. बट्टा कोण ठरवणार? किल्ल्या किती आणि कोणाकडे? आणि वही मला केव्हा बघता येईल? हे तीन प्रश्न शिकण्याची फी वऱ्हाडाने शंभर वर्षांहून अधिक काळ भरली, कधी सिक्क्यात, कधी कलदारात, बहुतेक वेळा कापसात. पावती अजून मिळालेली नाही.